गळ टाकणाराचें दैव



कोणत्याहि मोठ्या तलावाच्या कांठीं रविवारीं सकाळीं गेलांत, तर एक देखावा बहुधा दृष्टीस पडतो. दोन गृहस्थ दहा पावलांच्या अंतरावर गळ टाकून बसलेले असतात. पाणी तेंच, वारा तोच, काठीहि बहुतेक एकाच दुकानांतली. परंतु दुपारपर्यंत एकाच्या टोपलींत तीनचार मासे पडतात आणि दुसरा बिचारा आमिष बदलून बदलून थकतो. घरीं निघतांना तो शेजाऱ्याकडे पाहून म्हणतो, "तुमचें दैव बलवत्तर बुवा!" शेजारीहि नम्रपणें हंसतो आणि सारें श्रेय दैवाला देऊन टाकतो, कारण खरें तें सांगितलें तर पुढील रविवारीं आपली जागा जाईल, ही भीति त्याला असते.

मीं जन्मभर शाळेंत इतिहास शिकविला. इतिहासाच्या शिक्षकाला एक वाईट खोड लागते. कोणी दैवाचें नांव काढलें कीं त्यामागें दडलेलें कारण हुडकून काढावें असें त्याला वाटूं लागतें. पानिपताच्या बाबतींत ही खोड माणसाला फार दूर नेते. गळाच्या बाबतींत ती तळ्याच्या कांठापर्यंतच नेते, म्हणून आजच्या भाषणाला मीं हा विषय घेतला आहे. एक कबुली मात्र आरंभींच दिलेली बरी. आमचें घर माळकरी. मासा खाण्याशीं माझा आयुष्यांत कधीं संबंध आला नाहीं. मासा धरण्याशीं मात्र तो पंचावन्न वर्षांचा आहे. ही विसंगति माझ्या मातोश्रींनीं शेवटपर्यंत मला माफ केली नाहीं, तेव्हां आपणहि ती केली नाहीं तरी माझी तक्रार नाहीं.

आमच्या गांवाबाहेर दुष्काळी कामांत बांधलेला मातीच्या बांधाचा एक तलाव होता. मी चौथींत असतांना बांबूची काठी, सुतळीचा दोर आणि बाजारांतून आणलेला एक आण्याचा गळ, एवढ्या सामग्रीवर तेथें बसूं लागलों. तीन रविवार गेले. गांडुळें संपलीं, मासा लागला नाहीं. भोई आळींतील एक वृद्ध गृहस्थ रोज सायंकाळीं बांधावर येत. त्यांना सारा गांव आबा म्हणे. चौथ्या रविवारीं ते माझ्यापाशीं थांबले आणि म्हणाले, "मास्तरांच्या पोरा, पाव्हण्याला जेवायला बोलवायचं तर आदी पाट मांडावा लागतो. तूं नुसता दारांत काठी घेऊन बसलास, तर कोण येईल?"

त्यांनीं मला गळ घरीं ठेवावयास सांगितला. चार दिवस रोज दिवस मावळतांना, त्याच एका बाभळीखालीं, भाताचा कोंडा आणि जोंधळ्याच्या पिठाचे भिजवून केलेले गोळे पाण्यांत टाकावयाचे आणि कांहींहि न करतां परत यावयाचें. पांचव्या दिवशीं तेंच पीठ गळाला लावावयाचें. मीं तसें केलें. पांचव्या दिवशीं हातभर लांबीचा मासा माझ्या काठीला असा कांहीं ओढूं लागला कीं आबांनीं मागून माझा सदरा धरला नसता, तर मीच माशाच्या घरीं जेवावयास गेलों असतों. मासा अर्थातच आबांच्या घरीं गेला.

यानंतर वीस-बावीस वर्षांनीं, मी नोकरींत स्थिरावल्यावर, एका जुन्या ग्रंथसंग्रहांत मला मानसोल्लास हा ग्रंथ पहावयास मिळाला, आणि त्यांतील एक प्रकरण वाचतांना आबांचा आवाज माझ्या कानांत पुन्हां घुमला.

हा ग्रंथ लिहिणारा राजा म्हणजे कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसरा सोमेश्वर. हें कल्याणी म्हणजे ठाण्याजवळचें कल्याण नव्हे. कर्नाटकांतील बीदर जिल्ह्यांत जें बसवकल्याण आहे, तें. सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य यानें सुमारें पन्नास वर्षें राज्य करून तें वाढविलें. ११२६ च्या सुमारास गादीवर आलेल्या मुलाचा ओढा तलवारीपेक्षां लेखणीकडे अधिक होता. साम्राज्याच्या दृष्टीनें तो कदाचित् दोष ठरेल. आमच्या दृष्टीनें मात्र तो मोठाच लाभ झाला. शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास त्यानें हा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्याचे पांच खंड असून प्रत्येकांत वीस अध्याय आहेत. राज्य कसें मिळवावें आणि कसें राखावें येथपासून हत्ती, घोडे, रत्नें, स्वयंपाक, संगीत, नृत्य येथपर्यंत राजाला जें जें ठाऊक असावें तें तें सारें त्यांत आहे. महाराष्ट्रांतील स्त्रिया धान्य कांडतांना ओव्या गातात अशी नोंदहि त्यांत सांपडते, आणि त्या एका नोंदीसाठीं मराठी वाङ्मयाचे अभ्यासक या राजाचे ऋणी आहेत.

याच ग्रंथाच्या चौथ्या खंडांत मल्लयुद्ध, कोंबड्यांची झुंज, ससाण्याची शिकार अशा राजविनोदांच्या पंक्तीला एक प्रकरण आहे, त्याचें नांव मत्स्यविनोद. येथें विनोद या शब्दाचा अर्थ मनोरंजन. तळ्याकांठीं रिकाम्या टोपलीकडे पाहून लोक जो करतात तो नव्हे. या प्रकरणांत सुमारें पस्तीस प्रकारच्या मत्स्यांचीं नांवें आलीं आहेत. समुद्रांतले कोणते, गोड्या पाण्यांतले कोणते. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. थोर, मध्यम आणि लहान कोणते, अशी त्यांची वर्गवारी केलेली आहे. गळाच्या काठीचा आणि दोराचाहि विचार आहे. परंतु माझें लक्ष वेधलें तें चाऱ्याच्या भागाकडे. मासे धरण्याच्या जागा ठरवाव्या, तेथें त्यांना नेमानें खाऊं घालावें, आणि सर्व मत्स्यांना एकच चारा न घालतां ज्याची जशी रुचि तसें खाद्य द्यावें. पीठ खाणाराला पिठाचे गोळे, मांस खाणाराला मांस. मासे त्या जागेला सरावले आणि पुष्ट झाले, म्हणजे मग राजानें काठी हातीं घ्यावी. राजा गळ टाकतो तो शेवटीं. दैवाला जागा उरते ती फार थोडी.

कोंड्याची पाटी घेऊन सोमेश्वर महाराज स्वतः रोज सायंकाळीं तळ्यावर जात असतील, असें मला मुळींच वाटत नाहीं. तें काम कोणा भोयाचें किंवा कोळ्याचेंच असणार. कोणता मासा काय खातो हें राजाला सांगणाराहि तोच असणार. विद्या एकाची आणि खतावणी दुसऱ्याच्या नांवावर, हा इतिहासांतला नेहमींचाच हिशेब आहे. आबांना संस्कृताचें अक्षर येत नव्हतें. त्यांनीं हें ग्रंथांतून घेतलें नव्हतें. ग्रंथानेंच तें त्यांच्या पूर्वजांकडून घेतलें असावें, असें मला वाटतें.

ग्रंथांतील मत्स्यनामांत एक कोडें आहे, तें जातां जातां सांगतों. रोहित हें नांव त्यांत ठळकपणें येतें. आज आपण ज्याला रोहू म्हणतों तो मूळचा उत्तरेकडील नद्यांचा रहिवासी. दख्खनच्या नद्यांत आणि तलावांत तो अलीकडच्या काळांत माणसांनीं आणून सोडला. मग चालुक्यांच्या तळ्यांत रोहित कोठून आला? नांवाची परंपरा संस्कृत ग्रंथांतून घेऊन ती येथल्याच एखाद्या भाऊबंदाला लावली असावी, असा माझा तर्क आहे. कृष्णा-गोदावरीच्या पाण्यांत रोहूच्या कुळांतील दुसरे मासे पुष्कळ आहेत. डॉ. सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञानें १९५१ मध्यें या प्रकरणाचा शास्त्रीय परामर्श घेतला, तेव्हांपासून विद्वानांचें लक्ष या नांवांकडे वळलें.

इंग्लंडांत गळाच्या विद्येवरील पहिला छापील निबंध प्रसिद्ध झाला १४९६ मध्यें, आणि आयझॅक वॉल्टनचें जगप्रसिद्ध पुस्तक १६५३ मध्यें. म्हणजे आमचा राजा वॉल्टनच्या पुढें पांचशें वर्षें होता. यावरून कोणी डंका पिटूं लागेल, म्हणून सांगतों. वॉल्टनचें पुस्तक घरोघर गेलें. त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. त्याच्यावर वाद घालणारे, त्यांत भर घालणारे पिढ्यान् पिढ्या निपजले. सोमेश्वराचें प्रकरण हस्तलिखितांत निजून राहिलें. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं मानसोल्लासाचा पहिला भाग छापला तो १९२५ मध्यें, आणि तिसरा भाग बाहेर पडावयास १९६१ साल उजाडलें. पुस्तक पुढें असून उपयोग काय, तें वाचणारा मागें असेल तर! मधल्या आठशें वर्षांत ती विद्या जगली ती तोंडीं, तळ्याच्या कांठावर, अक्षरशत्रु म्हणून ज्यांना आपण हिणवीत आलों त्यांच्यापाशीं.

आणखी एका ठिकाणीं ती जगली, आणि तेथें तर गळाचें नांवहि निघत नाहीं. महाडजवळ वाळण कोंड म्हणून नदीचा एक डोह आहे. तेथें महाशीर जातीचे मोठमोठे मासे राहतात. ते देवीचे मासे, म्हणून त्यांना कोणी धरीत नाहीं. भाविक लोक कांठावर येऊन चारा टाकतात आणि पाणी एकदम काळें होऊन उसळतें. वाडा तालुक्यांत वैतरणेवर तिळसे येथेंहि हाच प्रकार. माणसाच्या पायरवानें मासा पळतो असा आपला समज. येथें तो पायरव ऐकून जवळ येतो. आबांचा पाट येथें शतकानुशतकें मांडलेला आहे, आणि जेवावयास बोलाविलेल्या पाहुण्याला दगा द्यावयाचा नाहीं एवढाच काय तो फरक. गळ टाकणाराला या डोहापाशीं उभें राहून मनांत जें वाटतें, तें मला वाटलेलें आहे. त्याचें वर्णन मी करीत नाहीं.

इंग्रजी अमदानींत या विषयाला निराळें वळण लागलें. कर्नल साइक्स नांवाचा एक अधिकारी १८२४ पासून मुंबई सरकारासाठीं दख्खनची पाहणी करीत हिंडत होता. त्यानें येथील नद्यांतले मासे जमवून त्यांचीं चित्रें काढविलीं आणि १८४१ मध्यें त्यांचें वर्णन लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. त्याची एक गोष्ट मला फार आवडते. माशांना शास्त्रीय नांवें देतांना त्यानें कोळ्यांच्या तोंडचींच मराठी नांवें लॅटिन पेहेराव चढवून कायम केलीं. दख्खनच्या महाशीराचें शास्त्रीय नांव आजहि खुद्री असेंच आहे, आणि तो नमुना पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेंत मिळालेला होता. कोलस, फुलुंगी हींहि त्यांतलींच. ज्या कोळ्यांनीं हीं नांवें सांगितलीं, त्यांचीं स्वतःचीं नांवें मात्र कोठें नाहींत.

साइक्स मोजणारा, तर हेन्री सलिव्हन थॉमस हा बसणारा. मद्रास इलाख्यांतला हा मुलकी अधिकारी दक्षिण कानड्यांत कलेक्टर होता. त्याचें हिंदुस्थानांतील गळाच्या शिकारीवरचें पुस्तक १८७३ मध्यें मंगळूर येथें छापलें गेलें आणि साहेब लोकांत तें इतकें गाजलें कीं त्याच्या पुढेंहि आवृत्त्या निघाल्या. आपल्याकडील महाशीर विलायतेंतील सामन माशाहून अधिक झुंजार, असें त्यानें ठासून सांगितलें. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्याचें दुसरें, लहानसें पुस्तक अधिक मोलाचें. १८८७ मध्यें त्यानें केवळ तळ्यांतील गळावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिलें. डोंगरी नद्यांवर जाण्यास रजा लागते, पैसा लागतो. तळें मात्र गांवोगांव आहे, हें या माणसानें ओळखलें. बढतीची वाट पाहत कुठल्या तरी तालुक्यांत उन्हांत पडलेल्या तरुण अधिकाऱ्याला त्यानें संध्याकाळचा उद्योग दिला. त्याच्या पाठोपाठ रिळें, रेशमी दोर, पिसांच्या माशा अशी सामग्री आली. काठीची लांबी आणि किंमत वाढत गेली. चाऱ्याचा विचार मात्र काठीच्या मागें पडला, असें मला वाटतें. आजहि दुकानांतली काठी पाहून भुलणारे लोक कमी नाहींत. मीहि एकदां भुललों होतों, आणि ती काठी आमच्या घरीं जळमटें काढण्यास उत्तम उपयोगी पडली.

थॉमसची खरी थोरवी मात्र दुसरीकडे आहे. मासा गळाला लागत नाहीं याचें कारण पुष्कळदां मासाच उरलेला नसतो, हें त्यानें निर्भीडपणें लिहिलें. बारीक आसाच्या जाळ्यांनीं पिल्लें उपसलीं जातात, पाण्यांत विष कालवलें जातें, याकडे त्यानें सरकारचें लक्ष वेधलें. फ्रान्सिस डे या मत्स्यशास्त्रज्ञानें १८७३ मध्यें गोड्या पाण्यांतील मत्स्यव्यवसायाचा अहवाल दिला, त्यांतहि हीच ओरड होती. सरकार हललें तें आपल्या चालीनें. १८९७ मध्यें मत्स्यव्यवसायाचा कायदा झाला, आणि पाण्यांत सुरुंगाची दारू उडवून किंवा विष घालून मासे मारणें हा गुन्हा ठरला.

कायदा आमच्या गांवापर्यंत पोंचला नव्हता. १९७२ चा दुष्काळ आपणांपैकीं अनेकांना आठवत असेल. १९७३ च्या उन्हाळ्यांत आमचा तलाव आटत आटत बाभळीखालच्या खोलगट भागापुरता उरला. तलावांतले सारे मासे त्या डबक्यांत दाटलेले. त्याच दिवसांत गांवोगांव विहिरी खणण्याचीं कामें चाललीं होतीं आणि सुरुंगाची दारू सहज हातीं लागत होती. एका रात्रीं कोणीतरी ती त्या डबक्यांत उडविली. सकाळीं मीं पाहिलें तें अजून विसरलों नाहीं. पाण्यावर पांढरीं पोटें, एकावर एक. मोठे मासे नेणारांनीं नेले होते. बोटभर पिल्लें कोणाच्याच कामाचीं नव्हतीं, तीं तशींच पडलीं होतीं. आबा बांधावर उभे होते. ते कांहीं बोलले नाहींत.

पुढच्या पावसाळ्यांत तलाव भरला. पाणी पहिल्याइतकेंच निवळ आणि गोड दिसत होतें. मीं गळ टाकून पाहिला; काठी हललीहि नाहीं. आबांनीं गळ उचलला नाहीं. ते सायंकाळीं मूठभर कोंडा बाभळीखालीं टाकीत आणि सकाळीं येऊन पाहत. कोंडा कांठाला तसाच लागलेला असे. तलाव रिकामा आहे हें जाणण्याची याहून साधी रीति मला अजून कोणी सांगितलेली नाहीं.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती शहरांतील तलावांवर बसणारांनाहि सहसा ठाऊक नसते. मुंबईला पाणी पुरविण्यासाठीं विहार तलाव १८६० मध्यें झाला, तुळशी १८७९ मध्यें, आणि पवईचा तलाव १८९० च्या सुमारास. तानसाचें विपुल पाणी १८९२ मध्यें आल्यावर पवईचें महत्त्व उरलें नाहीं. तें पाणी पिण्यास बरेंहि नव्हतें. मुंबईकरांना जें पाणी नको झालें, तें गळकऱ्यांना मिळालें. पुढें तेथें त्यांची संस्था निघाली, आणि रोहू, कटला, मृगळ या माशांमुळें पवईचें नांव झालें. परंतु हे तिन्ही मासे बंद पाण्यांत वीण करीत नाहींत. पावसाळ्यांत फुगून वाहणाऱ्या नदीचा ओघ अंगाला लागल्याखेरीज मादी अंडीं सोडीत नाहीं. म्हणजे अशा तलावांत तुमच्या गळाला जो कटला लागतो, तो बहुधा तेथें जन्मलेला नसतो. कोणीतरी त्याला बोटाएवढा असतांना तेथें आणून सोडलेलें असतें. पूर्वीं हें बीज पुरांत नद्यांतून गाळून, मातीच्या भांड्यांतून, आगगाडीनें दूरदूर न्यावें लागे. वाटेंत किती मरे आणि त्यांत नको त्या जातीचीं पिल्लें किती मिसळलेलीं असत, याला सुमार नव्हता.

ही अडचण दूर झाली ती १० जुलै १९५७ रोजीं. ओडिशांतील अंगुळ येथें डॉ. हिरालाल चौधरी यांनीं माशाच्या मस्तकांतील एका ग्रंथीचा अर्क दुसऱ्या माशाला टोंचून बंद पाण्यांत त्याची वीण घडवून आणली. नदीची वाट पाहण्याचें कारण उरलें नाहीं. देशभर गांवतळ्यांत जें मत्स्यबीज सोडलें जातें, त्याचा उगम या प्रयोगांत आहे, आणि त्या दिवसाचें स्मरण म्हणून १० जुलै हा मत्स्यशेतकऱ्यांचा राष्ट्रीय दिन पाळला जातो. रविवारीं दैवाला हात जोडणारांनीं एक नमस्कार इकडेहि करावा.

आपल्या महाराष्ट्रानेंहि यांत हातभार लावला आहे. लोणावळ्याजवळचे वळवण वगैरे तलाव टाटांच्या जलविद्युत्-योजनेसाठीं बांधलेले. त्यांच्या पाण्यावर खोपोलीचें वीजघर १९१५ मध्यें चालूं झालें. धरणांनीं नद्या अडल्या आणि खुद्रीचा वंश क्षीण होऊं लागला. १९७० नंतरच्या काळांत डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनीं त्याच तलावांच्या कांठीं महाशीराचीं अंडीं फलवून पिल्लें वाढविण्याचें काम हातीं घेतलें, आणि तें यशस्वी केलें. लक्षावधि पिल्लें देशांतील निरनिराळ्या पाण्यांत गेलीं. या सत्कृत्यालाहि एक कडू फळ आलें. दख्खनचा महाशीर कावेरींत सोडला गेला, आणि तेथला मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला नारिंगी शेपटीचा महाशीर मागें हटत चालला. त्या माशाची शास्त्रीय ओळख निश्चित झाली ती २०१८ मध्यें, म्हणजे तो नाहींसा होण्याच्या बेतास आल्यावर. देणाऱ्यानें काय द्यावें आणि कोणाच्या ताटांत वाढावें, हेंहि पहावें लागतें. सोमेश्वरानें ज्याची त्याची रुचि पाहण्यास सांगितलें होतें, तें केवळ पिठापुरतें नसावें.

आतां ज्यांनीं हें भाषण केवळ कांहीं युक्ति कळेल या आशेनें ऐकलें, त्यांना रिक्त हस्तानें धाडणें बरें नव्हे. चाऱ्याचें सांगितलेंच. चारा मात्र थोडा टाकावा. मासे जमावे, जेवून निजूं नयेत. शिवाय उरलेला चारा कुजून पाणी नासतो. दुसरें, गळ किती खोल सोडावा हें माशाच्या तोंडाकडे पाहून ठरवावें. कटल्याचें तोंड वर वळलेलें असतें, तो वरच्या थरांत चरतो. रोहू मधल्या थरांत. मृगळाचें तोंड खालीं, तो तळाशीं. पाण्यावर तरंगणारी खूण तळाच्या हिशेबानें बांधून कटल्याची वाट पाहणारा मनुष्य मीं पाहिला आहे. तो फार धार्मिक होता. तिसरें, वारा ज्या कांठाकडे वाहत असेल त्या कांठाला बसावें. तोंडावर वारा येतो, त्रास होतो. परंतु पाण्यावरचें खाद्य वाहत तिकडेच येतें आणि त्यामागून मासे येतात. उन्हाळ्यांत भर दुपारीं जाऊं नये. पहाट आणि सायंकाळ हेच खरे प्रहर. आपली सावली पाण्यावर पडूं देऊं नये. बोललेलें माशाला फारसें ऐकूं जात नाहीं, पण पाय आपटलेला तात्काळ कळतो; त्याच्या दोन्ही कुशींवर एक रेघ असते, तिनें पाण्याचा बारीकसा हेलकावाहि त्याला जाणवतो. म्हणून गप्पा मारण्यास हरकत नाहीं. मुलांना नाचूं देऊं नये. आणि मृगाचा पाऊस लागल्यावर मासे ओढ्याच्या मुखाशीं चढूं लागतात, तेव्हां ते सहज सांपडतात. त्या सहजपणाला भुलूं नये. पोट फुगलेली मादी लागली, तर ओल्या हातानें गळ काढून तिला परत सोडावें. कोरड्या हातानें तिच्या अंगावरचा बुळबुळीत लेप निघतो आणि मग ती जगत नाहीं.

आमच्या तलावाची हकीकत अर्धी राहिली आहे. १९७६ च्या पावसाळ्यांत गांवानें वर्गणी काढून मत्स्यबीज आणविलें आणि तलावांत सोडलें. मी त्या वेळीं शालान्त परीक्षा देऊन तालुक्याच्या गांवीं अध्यापकविद्यालयांत शिकत होतों. दिवाळीनंतर वडिलांचें कार्ड आलें. घरची खुशाली, पैसे जपून खर्च करण्याविषयीं नेहमींचा उपदेश, आणि शेवटीं जागा उरली होती तेथें बारीक अक्षरांत लिहिलें होतें: आबा भोई यांनीं मुद्दाम कळविण्यास सांगितलें आहे कीं, बाभळीखालचा कोंडा आतां सकाळपर्यंत शिल्लक राहत नाहीं.